पावसाचा नकाशा बघितला की छाती धडधडते. तुमच्यापैकी कुणाचं असं होतं का?

पोरसूं

मे अखेर आली की आमच्या घरात पुरूमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, धांदल असते. सुकी मासळी, सोलं, मीठ, उकडे तांदूळ, सासूबाई सगळं डब्यात भरून ठेवतात. मी मात्र मोबाइलवर अरबी समुद्राचा नकाशा उघडून बसलेली असते. कुठे कमी दाबाचा पट्टा तयार होतोय का, तो किती वेगाने वर सरकतोय, हे बघत रात्रीचा एक वाजतो.

सुरुवात तौक्ते वादळापासून झाली. मे २०२१. आमच्याकडे गोव्यात रायबंदरला कित्येक दिवस वीज नव्हती, आणि शेजारचा माड आमच्या पडवीवर आला. त्याच वर्षी जुलैत सत्तरी-डिचोलीचा पूर. मग २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्य पेटलं. तेव्हा उकाड्यामुळे शाळा दुपारच्या आत सोडत होते. मुलगी घरी आली आणि म्हणाली, आई, धुराचा वास येतोय. वास येत नव्हता, रायबंदर कुठे आणि सत्तरी कुठे. पण मलाही आला.

आता जरा वारा सुटला तरी पोटात गोळा येतो. रात्री हवामान बदलाचे अहवाल वाचते, सकाळी डोकं जड. नवरा म्हणतो वाचू नकोस. फॅमिली डॉक्टर म्हणाले, बीपी ठीक आहे, योगा करा.

कृपा करून "झाडं लावा" आणि "कापडी पिशवी वापरा" हे दोन सल्ले देऊ नका. पिशव्या आमच्याकडे भरपूर आहेत. काय केल्यावर तुम्हाला खरोखर बरं वाटलं, तेवढं सांगा.

एकटा_टायगर

बातम्या बघणं बंद करा. सुटाल.

पोरसूं

@एकटा_टायगर, करून बघितलं. बातम्या बंद होतात हो, वारा बंद होत नाही.

रानवाट

ताई, तुम्ही सत्तरीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. २३ जुलै २०२१ ला आमच्या वाड्यावर पाणी शिरलं. जुनी माणसं म्हणत होती, ८२ सालानंतर असं पाणी पाहिलं नव्हतं. पाणी ओसरल्यावरचा चिखल काढणं हे पुरापेक्षा वाईट असतं, ते कुणी बातमीत दाखवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते आगीबद्दल. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातलं सरासरी कमाल तापमान १९०१ पासून तोवरच्या सगळ्या फेब्रुवारींत सर्वांत जास्त होतं. रान कडकडीत वाळलेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डोंगर पेटले ते विझेनात. नौदलाची, वायुदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. वरून टाकलेलं पाणी उतारावर किती पोचतं ते खाली उभं राहिलं की कळतं. जमिनीलगत पाचोळ्यातून आग सरकते, ती शेवटी माणसांनीच मारावी लागते. आम्ही वनखात्याच्या माणसांबरोबर हिरव्या फांद्या घेऊन वर चढलो. गुडघ्याएवढी ज्वाळा, ती फांदीने आपटून आपटून बसवायची, आणि दहा पावलं पुढे गेलं की मागे परत धुमसते.

आता गंमत बघा. त्याआधी घरात बसून टीव्हीवर डोंगर पेटलेला बघताना माझे हात थरथरत होते. वर गेल्यावर भीती होती, पण ती वेगळी. कुठे उभं राहायचं, वारा कुठून येतो, शेजारचा माणूस दिसतोय ना, एवढंच डोक्यात. रात्री घरी आलो आणि मेल्यासारखा झोपलो.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही चार-पाच बागायतदार काजूच्या हंगामाआधी एकमेकांच्या बागेतला पाचोळा ओढून काढतो. पूर्वी तो बागेतच पेटवून द्यायची पद्धत होती, म्हणजे बोंडू वेचायला बरं पडतं. ती पद्धत मोडायला भांडणं झाली. अजून होतात. जानेवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, साफ केली आहे की नाही हे बघायला वनरक्षकाबरोबर फिरतो. तो आता मला टाळतो, एवढे प्रश्न विचारतो मी.

शंकासुर

सगळं वाचलं. सरळ बोलतो, राग मानू नये.

गोव्याने उद्या एकही गाडी चालवली नाही तरी जगाचं तापमान कणभर हलणार नाही. मग ही काळजी करून उपयोग काय? आणि खरे प्रश्न काय हवामान बदलाचे आहेत? डोंगर कापले जातात, शेतजमिनीचा झोन बदलतो, व्हाळ (ओढा) बुजवून वर रस्ता होतो. पाणी घरात शिरतं ते त्यामुळे. हे सगळं "क्लायमेट" च्या खात्यावर टाकलं की स्थानिक पापी सुटले. मला तर हा शब्द ऐकला की संशय येतो.

मिठागर

शंकासुरकाका, अर्धं पटलं. पण दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत. पाऊस कमी तासांत जास्त पडायला लागला हे एक, आणि तो वाहून जायला व्हाळ उरला नाही हे दुसरं. पहिलं आपल्या हातात नाही म्हणून दुसरं सोडून द्यायचं का?

आमची अगरवाड्याला मिठागरं. मीठ हे उन्हाचं पीक. मार्च-एप्रिलमध्ये एक सर पडली तरी आगरात धरलेलं मीठ विरघळतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. माझ्या काकाने ह्या अवकाळीपायीच आगर सोडलं. तिथे झोन बदलला नव्हता की डोंगर कापला नव्हता.

मन_मोकळं

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. दोन-तीन गोष्टी लिहिते, थोडं लांबेल.

पोरसूं, तुम्ही एकट्या नाही आहात. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार मुलामुलींची पाहणी 'लॅन्सेट'च्या एका नियतकालिकात आली होती. भारतही त्यात होता. ५९ टक्के मुलांनी आपण खूप किंवा अतिशय काळजीत आहोत असं सांगितलं. ४५ टक्क्यांहून जास्त मुलं म्हणाली की ह्या विचारांचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. खऱ्या धोक्याची काळजी वाटणं हा आजार नाही, त्यामुळे "विचार करू नको" ह्या सल्ल्याचा काही उपयोग होत नाही.

पण तुमच्या पोस्टमध्ये मला खटकलं ते रात्रीचं वाचन. अहवाल वाचताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात शरीर तासन्‌तास धोक्याच्या तयारीत बसून राहतं आणि धोका काही समोर येत नाही. नकाशा बघायचाच असेल तर दिवसातून एकदा, उजेडी, आणि बघून झाल्यावर हाताने करायचं एखादं काम: पन्हळ साफ करणं, टॉर्चचे सेल तपासणं. झोप, भूक, कामातलं लक्ष हे आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, छातीत धडधड वारंवार होत असेल, तर मात्र दाखवा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एक इशारा. "काम करा, बरं वाटेल" हे इथे सगळे सांगतील. थोडं खरं आहे. पण काम हे औषधाच्या गोळीसारखं घेऊ नका. बरं वाटावं म्हणून आंदोलनात उतरलेली माणसं पहिला निकाल विरोधात गेला की कोसळतात, हे मी जवळून पाहिलंय. काम त्या कामासाठी असावं.

दोन_पोरांची_आई

+१. मला एक सांगा कुणी. माझा आठ वर्षांचा मुलगा रोज विचारतो, "गोवा बुडणार का?" शाळेत कुठला तरी व्हिडिओ दाखवला. काय उत्तर देऊ? "नाही रे" म्हटलं की तो म्हणतो, व्हिडिओत तर दाखवलं.

खाजनकार

हा धागा मुलीने दाखवला. मी चोडणचा. टायपिंग तिचं, बोलणं माझं.

बाय, तुझ्या मुलाला म्हणावं, भरतीच्या वेळी आमची शेतं नदीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. आज नाही, शेकडो वर्षांपासून. तरी आम्ही तिथे भात पिकवतो. कसं ते दाखवायला घेऊन ये.

इथे बऱ्याच जणांनी खाजनाचं नाव ऐकलं असेल, बघितलं नसेल. मांडवी-जुवारीच्या काठची ही जमीन आमच्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्यातून काढलेली. नदीच्या बाजूने चिखलाचा मोठा बांध. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. दार असं बसवलेलं की भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि ते आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं आणि ते उघडतं. वीज नको, मोटर नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला पावसाचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेतं, मग कोरगुट भात. उंच वाढतं, थोडं खारं सोसतं. मानशीवर जाळं लावून मासळी: शेवटे, सुंगटं, काळुंदर, कुर्ल्या.

आता तुमच्या हवामान बदलाचं. मुलीने वाचून दाखवलं की १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र जगभरात सरासरी २० सेंटीमीटर चढला, आणि आता वर्षाला जवळजवळ ४ मिलिमीटर चढतो. लोक म्हणतात, एवढंसं तर आहे. पण मानशीवर उभं राहून बघा. आतलं पावसाचं पाणी फक्त ओहोटीतच बाहेर जातं. नदीची पातळी जरा वर राहिली की दार उघडं राहण्याचा वेळ कमी होतो. त्यात अमावास्या-पुनवेचं उधाण आणि चार तासांत पडलेला दोन दिवसांचा पाऊस एकाच वेळी आला, तर पाणी जाणार कुठून? शेतातच राहणार. भात कुजणार. आम्हाला समुद्र वाढलेला कळतो तो असा.

आणि शंकासुर म्हणतात तेही खरं. बांध फुटतात ते काही फक्त समुद्रामुळे नाही. मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बोली लावणाऱ्याला पैसे वसूल करायचे असतात, तो दार जास्त वेळ उघडं ठेवतो. खारं पाणी आत येतं, शेत पडीक होतं. पडीक शेताचा मालक बांधाकडे बघत नाही. खेकडा बांधाला भोक पाडतो, ते मुठीएवढं असताना बुजवलं नाही तर एका उधाणात तिथून पाणी वाहायला लागतं आणि बांध जातो. पूर्वी हे बघायला गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामायिक संस्था, होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला हक्क मिळाले, ते बरंच झालं, पण बांधाची जबाबदारी कूळ संघाकडे आली आणि संघाच्या बैठकीला माणसं येत नाहीत. पोरं बोटीवर किंवा पणजीत नोकरीला.

रायबंदरहून फेरी घेतली की आमचा गाव. रविवारी सकाळी ओहोटीत भोकं बुजवायची आहेत, पाऊस यायच्या आत. ज्याची छाती धडधडते त्याने यावं. जुने कपडे. फावडी आहेत.

एकटा_टायगर

काका, लाइक बटण नाही म्हणून लिहितो: कडक.

दोन_पोरांची_आई

मुलाला वाचून दाखवलं. आता "गोवा बुडणार का" बंद होऊन "दार आपोआप कसं मिटतं" सुरू झालंय. दहा वेळा विचारून झालं. आम्ही येतोय.

शंकासुर

खाजनकार, तुमचं लिहिणं आवडलं. पण मग खारफुटीचं काय? एकीकडे पर्यावरणवाले म्हणतात तिवरं वाचवा, ती लाटा अडवतात. दुसरीकडे पडीक खाजनात तिवरं उगवली की शेत कायमचं गेलं, कारण तोडायला परवानगी लागते. तुमच्याच गावात सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. हे कोडं सोडवल्याशिवाय रविवारी चिखल उपसून काय होणार?

खाजनकार

सुटत नाही हो ते. बांधाच्या बाहेर, नदीकडे, तिवरं हवीतच. लाटेचा मार ती खातात. पूर्वी इथून खनिजाच्या बार्जी जायच्या, त्यांच्या लाटांनी बांधाची माती खाल्ली. जिथे बाहेर तिवरं होती तिथे कमी खाल्ली. पण बांधावर आणि आत शेतात ती रुजली की मुळं बांध पोखरतात, शेत जातं. आत कुठे आणि बाहेर कुठे हे कायद्याच्या कागदावर वेगळं दिसत नाही. म्हणून शेत पडीकच पडू द्यायचं नाही. लावणी करणारं शेत असेल तर तिवर रुजतच नाही. एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते पुरेसं नाही.

कुळागर

अवांतर होईल, पण शंकासुरांच्या "उपयोग काय" वर बोलायचं आहे. मोलेच्या जंगलाचं आठवा. २०२० मध्ये तीन प्रकल्प एकदम आले: रेल्वेचा दुपदरी मार्ग, महामार्गाचं चौपदरीकरण, ४०० केव्हीची वीजवाहिनी. टाळेबंदीच्या काळात. सगळे म्हणाले आता काही होत नाही. मुलांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली, वनस्पती-प्राण्यांचे अभ्यासक अहवाल वाचून त्यातल्या चुका काढत बसले. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला हजारो माणसं रुळाशी जमली. तिथे कोळशाचा मुद्दा होता, म्हणजे शंकासुरांच्या भाषेत "स्थानिक" आणि "जागतिक" दोन्ही एकाच रुळावर. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे ह्या दुपदरी मार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

बाकी दोन प्रकल्पांचं तसं झालं नाही, हेही सांगायला हवं. मन_मोकळं म्हणतात ते मी स्वतः अनुभवलंय. त्या दोन वर्षांत माझी झोप सुधारली नाही, उलट बिघडली. पण मी त्या माणसांना भेटलो, आणि आज आमच्या गावात ग्रामसभेत उठून बोलणारे जे सात-आठ जण आहेत ते तिथलेच. जैवविविधता समिती कागदावर होती, तिची नोंदवही कोरी होती. आता गावातल्या झऱ्यांची, तळ्यांची, देवराईची नोंद तिच्यात आहे. उद्या कुणी व्हाळ बुजवायला आला तर "इथे व्हाळ नव्हताच" असं म्हणता येणार नाही. मला हे आंदोलनापेक्षा जास्त आवडतं. कंटाळवाणं आहे, म्हणून टिकतं.

पोरसूं

जाऊन आले. थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, जमत नाहीये.

फेरीने चोडणला उतरून आम्ही बांधावर गेलो. मी, मुलगी, दोन_पोरांची_आई आणि तिचा प्रश्नकर्ता, रानवाट सत्तरीहून पहाटे निघून आलेले, आणि गावातले दोन-तीन. खेकड्याचं भोक शोधायची रीत: ओहोटीला आतल्या बाजूने बांधाच्या पायथ्याशी ओल कुठे झिरपते ते बघायचं, मग वर चढून बाहेरचं तोंड हुडकायचं. भोक खणून मोठं करायचं आणि मग चिखल थापत भरत यायचं. नुसतं वरून बुजवलं तर आत पोकळी राहते, आणि उधाणात तीच फुटते. मी पहिली तीन वरूनच बुजवली होती. काकांनी न बोलता परत खणली.

बरं वाटलं का? वाटलं. पण रानवाट म्हणतात तसं मेल्यासारखी झोप नाही लागली, पाठ दुखत होती. नकाशा अजून बघते, सकाळी एकदा. आता मात्र भरतीचं वेळापत्रकही बघते, आणि पाऊस कधी येतोय यापेक्षा तो भरतीत येतोय की ओहोटीत, हा विचार आधी येतो. आधीची भीती सगळीकडे पसरलेली असायची. आताची त्या बांधाच्या एका वळणाशी आहे, जिथे माती मऊ आहे. कमी झाली का, सांगता येत नाही. मन_मोकळं, तुमच्या सांगण्याप्रमाणे १४४१६ वर एकदा बोलले. पुढच्या आठवड्यात बांबोळीची वेळ घेतली आहे. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर लोकांना वाटेल चिखलाने सगळं बरं होतं.

आता कामाचं. काका म्हणतात त्या मऊ जागेला चिऱ्यांचा आधार हवा, आणि तो खात्यामार्फतच होईल. त्यासाठी संघाचा ठराव आणि ग्रामसभेत विषय. तिथे पावणीचा प्रश्नही विचारायचा आहे: दार किती वेळ उघडं ठेवायचं हे करारात लिहिलेलं आहे का? मी ग्रामसभेत कधी बोलले नाही, आणि चोडणची मतदारही नाही. प्रश्न काकांची मुलगी विचारणार. मी फक्त कागद तयार करून देणार. कुणाला असे कागद वाचता येतात का? एक-चौदा (जमिनीचा उतारा) बघून मला काहीच कळत नाही.

मन_मोकळं

शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. बांबोळीला जाताना झोपेच्या वेळा एका कागदावर लिहून न्या, डॉक्टरांना उपयोग होतो.

शंकासुर

मी भू-मापनात नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण एक-चौदा वाचायला विसरलो नाही.

पोरसूं, बांध आणि मानस कोणत्या सर्व्हे नंबरात पडतात ते आधी बघावं लागेल. बऱ्याच ठिकाणी बांध एका नंबरात आणि मानस दुसऱ्यात असते, आणि मग प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. सर्व्हे प्लॅनची प्रत, एक-चौदाचे उतारे आणि पावणीच्या कराराची झेरॉक्स लागेल. करार जुना असला तरी चालेल, जुन्यात उलट अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात. मी बुधवारी पणजीत आहे. चिखलात मात्र मी उतरणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

खाजनकार

करार संघाच्या कपाटात आहे. कपाटाची चावी खजिनदाराकडे, आणि खजिनदार बोटीवर. त्याच्या बायकोला विचारतो.